सवलतीचा रकाना आणि अकरावीचे दार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीचा निकाल लागून तीन-चार दिवस झाले होते. वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात कामाला असलेले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन शाळेत आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. मुलीला लहानपणापासून फार कमी दिसे. पुस्तक डोळ्यांपासून चार बोटांवर धरले तर ठळक अक्षरे वाचता येत, फळ्यावरचे काहीच दिसत नसे. तरीही तिने चांगले गुण मिळवले होते. पेढे वाटून झाल्यावर ती म्हणाली, “सर, मला अकरावी सायन्सला जायचंय. पुढे लॅबमध्ये काम करायचंय.”

मी तिची गुणपत्रिका हातात घेतली आणि गप्प झालो. तिच्यात विज्ञानाच्या जागी ‘शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र’ हा विषय होता. बीजगणित-भूमितीच्या जागी खालच्या इयत्तेचे अंकगणित होते. दहावीला विज्ञान हा विषयच नसेल तर अकरावी विज्ञानाचा मार्ग बंद होतो. हे विषय तिने आपण होऊन निवडले नव्हते. नववीत अर्ज भरताना त्या रकान्यात खूण मी केली होती, अगदी चांगल्या हेतूने. आकृत्या तिला दिसणार नाहीत, प्रयोग जमणार नाहीत, उगाच नापास कशाला व्हायचे, असा माझा हिशेब होता. तिला मी विचारलेही नव्हते.

या लेखाचा विषय त्या रकान्यापासून सुरू होतो. अपंग विद्यार्थ्याची महाविद्यालयाची आणि नोकरीची तयारी दहावीच्या निकालानंतर करायची असते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बरेचसे निर्णय आठवी-नववीतच होऊन गेलेले असतात, आणि तेही मुख्यतः आपल्या हातून.

दोन जातींच्या सवलती

परीक्षेत अपंग विद्यार्थ्यांना ज्या सवलती मिळतात त्यांची यादी बरीच लांब आहे. नीट पाहिले तर त्यात दोन वेगळ्या जाती दिसतात, आणि आपण त्या एकाच पिशवीत भरतो.

पहिली जात म्हणजे उत्तर देण्याची रीत बदलणारी सवलत. लेखनिक, जादा वेळ, मोठ्या अक्षरांतली किंवा ब्रेलमधली प्रश्नपत्रिका, आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न, काही विद्यार्थ्यांना गणकयंत्र, तळमजल्यावरची खोली. येथे विषय तोच राहतो. विद्यार्थ्याला जे येते ते कागदावर उतरण्यात जो अडथळा आहे तो तेवढा बाजूला होतो.

दुसरी जात म्हणजे विषयच बदलणारी किंवा वगळणारी सवलत. एक भाषा कमी करणे, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेणे, विज्ञानाऐवजी दुसरा विषय घेणे. ही सवलत वाईट असे मी म्हणणार नाही. ज्याला संख्यांचे आकलनच अवघड आहे अशा मुलाला, म्हणजे गणन-अक्षमता असलेल्या मुलाला, ती जीवदान देते. तिच्यावाचून तो दहावीच्याच उंबरठ्यावर अडकला असता. पण ती घेताना एक किंमत मोजली जाते, आणि ती दोन वर्षांनी वसूल होते. गणित सोडले की अभियांत्रिकीची पदविका आणि बरेचसे तांत्रिक अभ्यासक्रम दूर जातात. विज्ञान सोडले की प्रयोगशाळा, औषधनिर्माण, फिजिओथेरपी असे सगळेच मार्ग मिटतात.

म्हणून माझा आता नियम असा आहे की पहिल्या जातीची सवलत मोकळ्या हाताने घ्यावी, दुसऱ्या जातीची घेण्याआधी पालकांना आणि मुलाला समोर बसवून “हा विषय सोडला तर पुढे काय काय करता येणार नाही” याची यादी वाचून दाखवावी. यादी ऐकूनही त्यांना विषय सोडायचा असेल तर खुशाल सोडावा. निर्णय त्यांचा असतो. (मंडळाच्या सवलतींचे तपशील अधूनमधून बदलतात, तेव्हा चालू वर्षाचे परिपत्रक शाळेत असणे आवश्यक. मागील मुख्याध्यापकांच्या कपाटातले नव्हे.)

कायदाही याच बाजूने आहे. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे २१ प्रकार त्यात मोजले आहेत. लेखन-वाचनाची विशिष्ट अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात आले. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट, तर सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. जागा राखीव आहेत, पण त्या जागेपर्यंत पोचण्यासाठी लागणारा विषय मुलाने नववीत सोडलेला असेल तर त्या राखीव जागेचा उपयोग काय?

टक्केवारीने काय कळते?

प्रमाणपत्रावर एक आकडा असतो: ४५ टक्के, ६० टक्के, १०० टक्के. हा आकडा शरीराच्या एखाद्या क्रियेतील न्यूनता सांगतो. मूल काय करू शकेल हे त्यावरून कळत नाही. पोलिओने एक पाय अधू झालेल्या मुलाचे अपंगत्व ६० टक्के असू शकते, पण संगणकापुढे बसला की त्याची अडचण जवळजवळ शून्य असते. त्याच मुलाला टपाल वाटायला लावले तर अडचण पुरती शंभर टक्के होईल.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या ऑक्टोबरात दिलेल्या दोन निकालांत हेच सांगितले आहे. त्यांपैकी ओमकार गोंड या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचे प्रकरण असे. वाचा व भाषेचे सुमारे ४५ टक्के अपंगत्व असल्यामुळे त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवले होते. न्यायालयाने वैद्यकीय मंडळाकडून तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, याची तपासणी करवून घेतली. मंडळाने होकार दिला आणि केवळ टक्क्यांच्या आकड्यावरून कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही, असा निर्णय झाला. त्याआधी ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. अशा उमेदवारांसाठीचे स्वतंत्र नियम केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये काढले. आपल्या वर्गात ‘अक्षर भयंकर, तोंडी मात्र सगळे येते’ असा एखादा मुलगा असतोच. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी हा निकाल आठवावा.

काम म्हणजे क्रियांची यादी

टक्केवारी उपयोगी नसेल तर विचार कशावरून करावा? याचे उत्तर वागळे इस्टेटच्या गाळ्यांतून फिरताना सापडते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत ठाण्याच्या वागळे इस्टेटचे नाव येते. आमच्या शाळेतल्या मुलांचे आजोबा या कारखान्यांत टर्नर, फिटर, मशीनमन होते. आज त्यांतल्या अनेक जागी काचेच्या इमारती आणि संगणकाची कामे आली, तरी रस्त्या-रस्त्यांवर लहान इंजिनीअरिंग गाळे, छापखाने, पॅकिंगची कामे अजून चालू आहेत. सरकारी आयटीआयही याच परिसरात आहे. म्हणजे मुलांना दाखवायला कामाचे नमुने शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

समजा, लेथवरचे काम घेतले. कारागीर काय काय करतो? कागदावरील आकृती वाचतो, जॉब चकमध्ये पकडतो, हत्यार लावतो, चाक फिरवून काप देतो, मधूनमधून मापतो आणि यंत्राच्या आवाजाकडे कान ठेवतो. या सहा क्रिया झाल्या. आता कर्णबधिर मुलाचा विचार करा. पाच क्रियांना त्याचा कान लागतच नाही. सहावीसाठी हत्याराची थरथर हाताला कळते, आणि धोक्याच्या घंटेला समांतर एक दिवा जोडता येतो. पायाने अधू मुलाची अडचण वेगळी असते. लेथपुढे तासन्‌तास उभे राहावे लागते. तेथे उंच स्टूल चालेल का, एवढा एकच प्रश्न सोडवायचा असतो. अंध मुलाच्या बाबतीत मात्र आकृती वाचणे, मापणे आणि फिरत्या चकपासून सुरक्षित राहणे हे तिन्ही प्रश्न एकदम येतात. तेथे मी हट्ट धरणार नाही. पण त्याच गाळ्यात सुटे भाग जोडणे, नगांची मोजणी, पॅकिंग, ग्राहकांशी फोनवर बोलणे, हिशेब ही कामेही असतात.

ही पद्धत माझ्या कल्पनेतली नाही. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२१ रोजी अपंगांसाठी योग्य ठरवलेल्या ३५६६ पदांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक पदापुढे बसणे, उभे राहणे, वाकणे, उचलणे, पाहणे, ऐकणे, बोलणे, बोटांनी हाताळणे, वाचणे-लिहिणे अशा क्रियांच्या खुणा आहेत. नववी-दहावीच्या मुलांना ही यादी दाखवली तर त्यांना एक गोष्ट चटकन कळते: आपल्याला पद निवडायचे नसून क्रिया तपासायच्या आहेत. ज्यांना अधिक नेमकी तपासणी हवी त्यांच्यासाठी मुंबईत सायन-चुनाभट्टीच्या परिसरात १९६८ पासून एक केंद्र आहे. जुने लोक त्याला व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर म्हणून ओळखतात. आता त्याचे नाव दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र असे आहे. ठाण्याहून लोकलने तासाभराच्या आत जाता येते. आमच्या भागातील किती शिक्षकांना त्याचा पत्ता ठाऊक आहे, असा प्रश्न मी एकदा बैठकीत विचारला होता. उत्तर न लिहिलेलेच बरे.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘अंधांची कामे’, ‘बहिऱ्यांची कामे’ अशा ठरीव याद्या धोक्याच्या असतात. एके काळी अंध मुलगा म्हटला की टेलिफोन ऑपरेटर किंवा खुर्च्यांचे वेत विणणे, हे ठरलेलेच असे. अनेकांनी त्यावर संसार केले. पुढे स्वयंचलित फोन आले, रस्त्यावरचे एसटीडी बूथ गेले, वेताच्या खुर्च्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली. एकाच कामाचे शिक्षण घेतलेला माणूस ते काम संपले की रिकाम्या हाताने उभा राहतो. ज्याचे गणित, भाषा आणि संगणक पक्के आहेत तो दुसरे काम शिकतो.

फळ्यापाशी

महाविद्यालयात गेलेली अनेक अंध मुले एक तक्रार करतात: प्राध्यापक “हे याच्यातून वजा करा आणि इकडे आणा” असे म्हणत फळ्याकडे बोट दाखवतात. ‘हे’ म्हणजे काय आणि ‘इकडे’ म्हणजे कुठे? ही सवय आपल्यालाही आहे. जे लिहितो ते तोंडाने उच्चारणे, याला एक पैसा खर्च येत नाही.

गणितात मात्र नुसते उच्चारणे पुरत नाही. “एक छेद क्ष अधिक दोन” असे मी म्हटले तर तुम्ही काय लिहाल? क्ष अधिक दोन हे सगळे छेदात आहे, की छेदात फक्त क्ष असून दोन बाहेर आहेत? क्ष ची किंमत २ घेतली तर पहिल्या अर्थाने उत्तर पाव येते, दुसऱ्या अर्थाने अडीच. वर्गात हा प्रयोग करून पाहा, निम्मी मुले एक लिहितील आणि निम्मी दुसरे. आता कल्पना करा की बोर्डाच्या परीक्षेत अंध विद्यार्थी सांगतो आहे आणि लेखनिक लिहितो आहे. लेखनिकाला विषय कळत नसेल, आणि नियमाप्रमाणे तो बहुधा खालच्या इयत्तेचाच असतो, तर बरोबर उत्तर चूक लिहिले जाईल.

यावर उपाय अब्राहम नेमेथ या अमेरिकन गणितज्ञाने शोधला. ते स्वतः जन्मांध होते. त्यांची गणिताची ब्रेल लिपी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रेलच्या एका घरात सहाच ठिपके. त्यांतून चिन्हे बनतात ६३ (दोनाचा सहावा घात ६४, त्यातून कोरे घर वजा). घातांक, छेद, मुळे हे वरखाली लिहिण्याचे प्रकार एका सरळ ओळीत कसे बसवायचे, हा प्रश्न होता. नेमेथ यांनी ‘अपूर्णांक सुरू’ आणि ‘अपूर्णांक संपला’ अशी दोन वेगळी चिन्हेच ठेवली. हीच युक्ती बोलतानाही चालते: “अपूर्णांक सुरू, एक, छेद, क्ष अधिक दोन, अपूर्णांक संपला.” आमच्याकडे लेखनिक घेणाऱ्या मुलांचा सराव आता परीक्षेच्या आदल्या महिन्यात न घेता नववीच्या पहिल्या सत्रापासून घेतो, आणि तोही याच बोलीत. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. चार तास सलग बोलून उत्तरपत्रिका लिहवून घेणे हे स्वतंत्र कसब आहे. डोळसांनी एकदा करून पाहावे.

कर्णबधिर मुलासाठी फळ्यापाशी वेगळा धडा आहे. आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो तेव्हा त्याच्यासाठी आपण बोलणे बंद केलेले असते. समोर तोंड असले तरी ओठांवरून सगळे कळते असे नाही. आरशापुढे उभे राहून आवाज न काढता ‘पाळ, बाळ, माळ’ म्हणा. तिन्ही सारखेच दिसतील. तेव्हा नवी संज्ञा आली की ती फळ्यावर लिहायचीच.

अंतराचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. शिक्षकाचा आवाज एक मीटरवर ६५ डेसिबल धरला तर दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३ आणि शेवटच्या बाकापाशी, आठ मीटरवर, ४७. (खोलीत भिंतींवरून आवाज परततो, म्हणून प्रत्यक्ष घट थोडी कमी असते. पण परतलेला आवाज शब्द अस्पष्टही करतो.) पंखे, बाहेरची रिक्षा आणि शेजारच्या गाळ्यातले प्रेस मशीन मिळून वर्गातला गोंगाट ५५ डेसिबल असेल तर चौथ्या मीटरपासून शिक्षकाचा आवाज गोंगाटाखाली जातो. साधे श्रवणयंत्र दोन्ही आवाज सारखेच वाढवते. “मशीन लावलंय ना, मग ऐकू का येत नाही?” या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. पहिल्या बाकावर, आवाजाच्या खिडकीपासून दूर, एवढी जागा बदलली तरी दहा डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो.

एक साधे उपकरण

आता त्या प्रयोगशाळेकडे येऊ, जिच्याबद्दल मी “जमणार नाही” असे ठरवून टाकले होते. मुख्य अडचण असते रंग पाहण्याची. आम्लाच्या द्रावणात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून वरून ब्युरेटमधून अल्क सोडायचे आणि फिकट गुलाबी रंग येताच थांबायचे. ज्याला रंग दिसत नाही त्याने काय करावे? रंग ऐकावा.

यासाठी लागणारे भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतात: एक ५५५ टायमर, एक एलडीआर (प्रकाश पडला की ज्याचा रोध कमी होतो असा घटक), १ किलोओहमचा रोध, ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र, लहान स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी आणि एक हिरवा एलईडी. टायमर सतत चालू-बंद होणाऱ्या जोडणीत लावायचा, म्हणजे स्पीकरमधून सूर निघतो. त्याची वारंवारता काढण्याचे सूत्र असे: १.४४ ला पहिला रोध अधिक दुसऱ्या रोधाची दुप्पट, या बेरजेने भागायचे आणि पुन्हा धारित्राच्या किमतीने भागायचे. दुसऱ्या रोधाच्या जागी एलडीआर लावला की सूर प्रकाशावर अवलंबून राहतो. एलडीआरचा रोध ५ किलोओहम असताना वारंवारता सुमारे १३०० हर्ट्‌झ येते, १० किलोओहमला सुमारे ६९०, आणि ५० किलोओहमला सुमारे १४०. हा फरक कोणालाही ऐकू येतो.

शंकुपात्राच्या एका बाजूला हिरवा एलईडी, दुसऱ्या बाजूला एलडीआर, आणि भोवती काळा कागद, म्हणजे खोलीतला प्रकाश आत येणार नाही. द्रावण रंगहीन असते तोपर्यंत हिरवा प्रकाश आरपार जातो आणि सूर वर राहतो. गुलाबी रंग येताच सूर खाली घसरतो. एलईडी हिरवाच का? गुलाबी द्रावण गुलाबी दिसते याचे कारण ते मुख्यतः हिरवा प्रकाश शोषते. लाल एलईडी लावला तर प्रकाश जवळजवळ तसाच निघून जाईल आणि सुरात फरक पडणार नाही. दोन्ही लावून पाहा. वर्गातल्या डोळस मुलांना पूरक रंगांचा धडा यापेक्षा चांगला समजावणे अवघड आहे. आमच्या शाळेत हे उपकरण आता सगळेच वापरतात, कारण डोळ्यांपेक्षा कानाला अंत्यबिंदू आधी कळतो असा मुलांचा दावा आहे. ब्युरेटवरचा आकडा मात्र सोबत्याने वाचून सांगावा लागतो.

किरणाकृती आणि आलेख यांच्यासाठी शिंप्याचे दातेरी चाक उपयोगी पडते. जाड कागद रबरी चटईवर ठेवून उलट बाजूने, आरशातल्यासारखी आकृती गिरवली की पुढच्या बाजूला बोटाला कळणारी ठिपक्यांची रेघ उठते. एका आकृतीत एकच कल्पना ठेवावी. पुस्तकातील आकृती तशीच्या तशी उमटवली तर बोटाखाली नुसता गुंता येतो.

वाचणारा संगणक

संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीने अंध विद्यार्थ्यांच्या शिक्षणात मोठाच बदल केला. त्यांपैकी एनव्हीडीए ही आज्ञावली फुकट मिळते. ती २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केली आणि जेम्स टे हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ती मराठीही वाचते. अडचण बहुधा आपल्या बाजूने येते. शाळांतील जुन्या प्रश्नपत्रिका ज्या पूर्वीच्या फॉण्टमध्ये टंकलेल्या असतात त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो खरा, पण संगणकाच्या पोटात एखाद्या रोमन अक्षराचा क्रमांक असतो. फॉण्ट फक्त त्याचे सोंग बदलतो. वाचणारी आज्ञावली चेहरा पाहत नाही, क्रमांक पाहते, आणि अगम्य काहीतरी बरळते. युनिकोडमध्ये ‘क’ चा स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो जगातल्या कोणत्याही यंत्रावर ‘क’ च राहतो. म्हणून टिपणे युनिकोडमध्ये टंकावीत. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पाठवण्याचाही उपयोग नाही. आज्ञावलीच्या दृष्टीने ते नुसते चित्र असते.

आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण द्यायचे तर उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिक्षण झाले, बारावी उल्हासनगरला झाली, पदवीसाठी लोकलने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जाणे-येणे केले, पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेल्या. वाचून दाखवणाऱ्या संगणकावर त्यांनी लोकसेवा आयोगाचा अभ्यास केला. पहिल्या यशानंतर रेल्वेच्या लेखा सेवेत निवड झाली, पण संपूर्ण अंधत्वाचे कारण सांगून नेमणूक नाकारली गेली. पुन्हा परीक्षा दिली, २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवला आणि भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. २०१९ मध्ये त्या तिरुअनंतपुरमच्या सब-कलेक्टर झाल्या. अशी उदाहरणे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ऐकणारा चटकन म्हणतो, “बघा, जिद्द असली की होतं.” जिद्दीबरोबर वेळेवर मिळालेली ब्रेल लिपी, संगणक, वाचनीय पुस्तके आणि रोजच्या गाडीत मिळालेली जागा हेही होते. त्यांतले काय काय आपल्या मुलाला मिळाले आहे, हे मोजता येते. जिद्द मोजता येत नाही.

जाण्या-येण्याचे गणित

महाविद्यालयाचा प्रवेश मिळतो आणि मूल घरी बसते, असे अनेकदा जिन्यामुळे होते. प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी इमारत पाहून यावी, आणि पाहायला मुलांनाच न्यावे, मोजपट्टी घेऊन. उतरणीचे प्रमाण एकास बारा असावे असा संकेत आहे. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतरण ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवी. तिचा कोन येतो पावणेपाच अंशांच्या आसपास. बऱ्याच ठिकाणी जागा नाही म्हणून एकास चार अशी चढण बांधतात, तिचा कोन १४ अंश. खुर्ची आणि बसणारा मिळून ७० किलो वजन धरले तर पहिल्या उतरणीवर ती ढकलायला सुमारे ६ किलोभाराचे बल लागते, दुसऱ्या उतरणीवर १७. अकरावीतली मुलगी एवढा जोर स्वतःच्या हातांनी लावू शकणार नाही, आणि उतरताना खुर्ची सुटेल ती निराळीच. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही. (२०१५ च्या अखेरीपासून अपंगाऐवजी दिव्यांग म्हणावे असे ठरले. उतरणीच्या कोनांत फरक पडलेला मी पाहिला नाही.)

प्रवासही शिकवावा लागतो. लोकलमधला अपंगांसाठीचा डबा ठाण्याच्या फलाटावर नेमका कुठे येतो, गर्दीच्या वेळी काय करायचे, रिक्षावाल्याला पत्ता लिहून कसा दाखवायचा, हे आईच्या सोबतीने सोळा वर्षे काढलेल्या मुलाला ठाऊक नसते. नववी-दहावीच्या सुट्यांत प्रथम सोबत, मग चार पावले मागे राहून, मग एकट्याने, असा सराव करता येतो. मुलींच्या बाबतीत पालक घाबरतात आणि त्यांची भीती खोटी नसते. तिला उत्तर म्हणून एखादी मैत्रीण आणि ठरलेली गाडी हीच पद्धत मला आजवर चाललेली दिसली आहे.

ज्यांना सर्व विषय एका बैठकीत झेपत नाहीत, त्यांच्यासाठी १९८९ पासूनची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहे. तिची परीक्षा पाच वर्षांत नऊ संधींमध्ये, एकेक-दोनदोन विषय सोडवत पुरी करता येते. मतिमंदत्व असलेल्या मुलांच्या कामाच्या तयारीचा विषय मात्र इतका मोठा आहे की येथे चार ओळींत उरकणे बरे नव्हे. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिने कला शाखा घेतली, पदवीधर झाली, आणि आता एका कार्यालयात संगणकावर काम करते. वाईट चाललेले नाही. अधूनमधून शाळेत येते. मागल्या खेपेला आली तेव्हा मी तिला तो सूर काढणारा डबा दाखवला. तिने तो कानाशी धरला, एलडीआरवर बोट ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. “हे तेव्हा होतं का, सर?” तिने विचारले. ५५५ टायमर १९७२ पासून बाजारात आहे. मी तिला तसे सांगितले.

यंदा आठवीत एक मुलगा आहे, तिच्याइतकेच दिसणारा. जूनमध्ये त्याची आई विचारायला आली, “विज्ञानाची सवलत घ्यायची का?” प्रमाणपत्राचे काम आत्ताच सुरू करा, असे मी सांगितले. लेखनिकाचा आणि जादा वेळेचा अर्ज वेळ आली की करू. विज्ञानाचे मात्र दिवाळीनंतर पाहू, असे ठरले आहे. तोवर त्याला सहा प्रयोग करायचे आहेत. दोन झाले.